रेणुकाबाईचा आवाज हुलसूरला

निर्णा गावच्या रेणुकाबाईनं एका बांधावरून हाक मारली की पलीकडच्या रानातली बैलंसुद्धा माना वर करायची. म्हणूनच बंगळूरची माणसं तिला शोधत आली. ज्यांना वाचता येत न्हाई, त्यांच्यासाठी कंप्युटर मराठीत बोलता करायचा होता, आणि त्याला गळा पाहिजे होता. बिदरला एका खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या. तिथं महिनाभर बसून समोरची बाई सांगेल ते ती म्हणत राहिली. ये, जा, पाऊस, पेन्शन, लेक, दवाखाना.

"आता कुणी काही बी टाइप केलं की तुमच्या आवाजात ऐकू येतंय," ती माणसं म्हणाली.

"येऊ द्या की. तिसरी नापास बाईनं पंचायतीच्या कंप्युटरला वाचायला शिकवलं म्हणा."

असा हा आवाज एका माणसाला मात्र बंद होता. लेक मनीषाला. तिनं हुलसूरच्या संघपालशी, जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवशी रेणुकाबाईनं बिरोबाचा भंडारा उचलून आण घेतली. हिच्याशी एक शब्द जरी बोलले, तर जीभ झडू दे. मनीषा दोनदा दारात येऊन उभी राहिली. रेणुकाबाई म्हशीशी बोलली, चुलीशी बोलली, तिच्याशी न्हाई. गावात या हट्टाचा दरारा होता, आणि तिला तो आवडायचा.

मग एका दुपारी शेजारची रत्नम्मा हुलसूरच्या बाजारातनं आली.

"काय अक्का, शपथ सुटली म्हणायची!"

"कुणाची गं?"

"तुझीच की. तिथल्या कंप्युटरच्या खोलीत पोरीशी बोलायलीस तू. 'मने, जेवलीस का' म्हणालीस. ह्या कानांनी ऐकलं."

"मी हितं भाकरी थापायलेय अन् तिथं बोलायलेय व्हय? कामून खोटं बोलायलीस? बाजारात काय पिऊन आलीस?"

रत्नम्मा हसली. पण हसताना तिनं रेणुकाबाईच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

रात्री तिला बिदरची ती गाद्यांची खोली आठवली, आणि सकाळी रेणुकाबाई बसमध्ये चढली ती आपला गळा परत मागायलाच. बिरोबासमोर घेतलेली आण एक पेटी मोडायलीय म्हणजे काय!

हुलसूरला त्या खोलीच्या दारात ती चपला काढत होती, तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणालं, "मने, थकलीस का गं?"

तिचाच आवाज. खरखरसुद्धा तिचीच. राग तेवढा नव्हता. राग वजा केलेली रेणुकाबाई आत बसून बोलत होती. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. गळा हलत नव्हता.

आत मनीषा पाठमोरी बसलेली. ती टाइप करायची, हात मांडीवर ठेवायची, आणि पेटी बोलायची. "घरी ये." जरा वेळानं, "तुझ्या हातचं पिठलं खावंसं वाटायलंय." असलं रेणुकाबाई जन्मात बोलली नव्हती. शब्द मात्र तिनंच दिलेले.

"तो आवाज काढून टाक," ती खोली चालवणाऱ्या, दाराशी बसलेल्या नागराजच्या कानाशी ती पुटपुटली.

नागराज दचकला. त्यानं पेटीकडं बघितलं, मग हिच्याकडं.

"अक्का... तुम्ही तिची माय? तिनं तर सांगितलं, माय वारली म्हणून. रोज येते ती." तो उठला. "काढतो. आत्ताच काढतो."

रेणुकाबाईनं त्याचा हात धरला. का धरला, तिला कळलं न्हाई. आवाज काढला की मनीषाशी माय होऊन बोलणारं जगात कुणी उरणार नव्हतं. आण घेतलेली जीभ टाळ्याला चिकटली होती. तिनं ती ओढून सोडवली.

"मने."

मनीषा वळली न्हाई. ती पेटीकडंच बघत राहिली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मने, मी हाय गं. मागं बघ."

मनीषानं खुर्ची आणखी पुढं ओढली आणि पेटीवर तळहात ठेवला.

"आज न लिहिताच बोलायलीस, माय," ती म्हणाली.