खरूबामागचा होला

सोमवारी पपाला बोटीने मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्यायचं होतं. छाती उघडणार होते. पपाचा हट्ट एकच : "त्याआधी एक होला ऐकव. मारायचा नाही. नुसता ऐकायचा."

आमच्या गोझोच्या छोट्या बेटावर पपा, म्हणजे नेनू, एके काळचा पट्टीचा नेमबाज. एप्रिलमध्ये समुद्रापलीकडून येणाऱ्या होल्यांच्या थव्यांनी आभाळ भरायचं ते त्याने पाहिलंय, आणि ते रिकामं करणाऱ्यांत तोही होता. मीही होतो. उगाच साव कशाला बनू?

होले येईनात, म्हणून मी भोंगा आणला. होल्याचं घुमणं भरून ठेवलेला. कायद्याने बंदी आहे, म्हणून घरोघरी आहे. आमच्या शिकारीच्या आडोशाजवळ गडग्याच्या दगडांत लपवला आणि कळ दाबली.

टेकाडापलीकडून, शेजारच्या वेन्झूच्या खरूबाच्या झाडातून उत्तर आलं!

पपाने माझा दंड धरला. "तुझा पत्र्याचा आहे, गाढवा. तो ऐक! जिवंत! शेवटाला कसा अडखळतो बघ!"

तीन सकाळी तेच. टोमॅटो चोळलेला पाव हातात तसाच, आणि पपा तोंडाने घुमून त्याला जबाब देतोय. तिसऱ्या दिवशी माझे हात शिवशिवले. पपाचं ऐकून झालंय, आता काय हरकत? "पाणी आणतो," म्हणालो आणि बंदूक घेऊन वाकत वाकत निघालो.

खरूबाजवळच्या गडग्यावरून डोकं वर काढलं, तर नाकासमोर दोन नळ्या. मागे वेन्झू, तोही वाकलेला. माझा घोडा चढवलेला, त्याचाही.

"मेला असतास, मूर्खा!"

"तूच मेला असतास! माझ्या होल्यावर आलास?"

"तुझा? तो तर तुमच्या आडोशाजवळ बसलाय! तीन दिवस जागा सोडत नाही हरामखोर."

दोघांनीही कान टवकारले. खरूबातून आवाज आला. शेवटाला अडखळला. मग माझ्या आडोशातून आला. तिथेच, तस्साच अडखळला.

वेन्झू मटकन खाली बसला. "कुणाकडून घेतलास?"

"त्या बंदरावरच्या टकल्याकडून."

"मीही." तो हसायला गेला, पण हसू फुटेना. "म्हणजे अख्ख्या दरीत..."

त्याने झाडातला भोंगा काढून बंद केला. मी परत आलो आणि माझाही बंद केला. इतकी शांतता मी एप्रिलात कधी ऐकली नव्हती.

पपा कानामागे हात धरून बसला होता. "मारलास ना? सांगितलं होतं, मारू नकोस म्हणून!"

"नाही मारला."

"बार तर ऐकला नाही. मग गप्प का झाला?"

"तो वेन्झूचा भोंगा होता, पपा."

त्याने हात खाली घेतला नाही. "आणि मी ज्याच्याशी बोलत होतो तो?"

"तोच."

"मग सगळे होले कुठे गेले?" त्याने मला विचारलं. मला! त्या माणसाने, माझ्या खांद्यावर पहिली बंदूक ठेवणाऱ्याने.

सोमवारी बोटीत चढेपर्यंत त्याचा हात कानामागेच होता.