दिलदारची चार बोटं खाली बसलेली गाडी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेतो. दिलदार. दिलदार गादीवाला, मंगळवार पेठ. लगीन झाल्यापासनं ह्या माणसाच्या नावानं बोंब मारत आलोय, आता लाजून काय करू? मी त्याची बायको, कुलसुम. आणि आमच्याकडं बाया बी 'मी आलो, मी गेलो'च म्हणत्यात. पुण्याच्यांना हसायचं असलं तर त्यांनी आपल्या घरात बसून हसावं.

गाद्या शिवणाऱ्या माणसाला स्पोर्ट कार कशाला पायजे, ह्ये मला विचारू नगा. मी विचारून दमलो. कुण्या सरदारांच्या नातवाच्या बंगल्यावर ह्यो गाद्या पिंजायला गेलता. मागच्या शेडात एक लाल गाडी धूळ खात पडलेली. दोन दारं, दोनच सीटं, टप न्हाय. परदेशातनं आलेली म्हणं. कंपनीचं नाव सांगत न्हाय, कंपनी कवाच बुडाली, मेलेल्याची कशाला बदनामी. ह्यानं गाद्या पिंजल्या आणि मजुरीच्या बदल्यात गाडी मागून घेतली. सरदारांचा नातू हसतच व्हय म्हणाला म्हणं. हसणारच की, अडगळ गेली त्याची.

गाडी आली ती समोरच्या कृष्णातच्या ट्रॅक्टरला बांधून. कृष्णात राधानगरीकडचा. म्हशी घेऊन पेठेत आला आणि हितलाच झाला. म्हशीतलं त्याला सगळं कळतं. इंजनातलं ओ का ठो कळत न्हाय, पण मत सगळ्यावर. त्या दिवसापासनं ही जोडी गाडीखाली, आणि मी गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला उत्तरं देत.

मूळचं इंजन मेलेलंच होतं, तिथं एका जुन्या व्हॅनचं बसवलं. ते चाललं. खरं सांगायचं तर मला बी जरा बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं न्हाय. मग सीटं फाटलीत म्हणून हाती घेतली. गाद्यांत ह्यो राजा माणूस, पण राजाला माप नसतं. सावरीचा कापूस असा ठासून भरला की बसलं की डोकं काचेच्या वर. रंकाळ्यापतोर फिरवून आणलं मला, तर वाटेतली निम्मी चिलटं माझ्या तोंडात. टप पायजे म्हणून गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवून टप केला. गल्लीतली पोरं विचारायला लागली, मामा, ही झोपायची गाडी का? मग आवाज पायजे म्हणून सायलेन्सर कापला. त्या आवाजानं कृष्णातच्या म्हशींनी पान्हा चोरला. चार दिवस दोस्ती तुटली, आणि सायलेन्सर परत बसला.

ह्या सगळ्यात तिसरा माणूस म्हणजे आमची शिफा. एकुलती एक. बापाच्या शेजारी गाडीखाली पडून टॉर्च धरायची. मी अभ्यासाला हाक मारली की गाडीखालनं पायांच्या दोन जोड्या दिसायच्या आणि दोन्ही हलायच्या न्हाईत. पुढं ती शिकली, कॉलेज झालं, तरी सुट्टीत हातात पाना. मी म्हणायचो, पोरीच्या नखातलं काळं बघून कोण स्थळ आणणार? तर कागलचं तोहिदचं स्थळ आलं. पोरगा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, शांत, बोलायला गोड. त्याला नखांचं काय पडलेलं नव्हतं.

आणि ठरवायच्या बैठकीत, सगळ्या पावण्यांच्या पुढं, माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं की शिफाची पाठवणी ह्या गाडीतनं होणार आणि गाडी तो सोता चालवणार. तोहिदच्या चुलत्यानं हळूच विचारलं की सीटं दोनच, मग नवरदेव कुठं बसणार? दिलदार म्हणाला, मागच्या गाडीत. तोहिद हसला आणि व्हय म्हणाला. त्याच दिवशी मला कळलं की पोरगं चांगलं हाय.

पण मला काय ते पटलं न्हाय. आपल्या घरात आपण कितीबी खुळं असलो तरी चालतं. पोरगी सासरच्या माणसांपुढं त्या डबड्यात बसून निघणार आणि गाडी मधेच फुरफुर करून बसणार, आणि मग जन्मभर तिला कागलात ऐकवणार, ही बघा डबडेवाल्याची लेक. मी शिफाला गाठून सांगितलं, बापाला तू नको म्हण, तुझंच ऐकेल. तर कार्टी म्हणाली, "अम्मी, त्या गाडीशिवाय मी ह्या घरातनं निघणार न्हाय." झालं. आई मेली तरी चालेल, गाडी पायजे.

लगीन तोंडावर आलं आणि दिलदारनं मोबाइलवर कुण्या गोऱ्याचं बघितलं. गोरा म्हणत होता, स्पोर्ट कार जमिनीला चिकटून पळली पायजे. आमची उंच दिसायची. मागच्या चाकांचा जो आडवा लोखंडी दांडा असतो, मधे गोळा असलेला, त्याला हाउसिंग म्हणत्यात. गाडीचा भार झेलणारे पाटे त्याच्या वरच्या अंगाला बसलेले. त्यांच्या बैठका कापून खालच्या अंगाला वेल्डिंग करा, असं उद्यमनगरातल्या एका फिटरनं सांगितलं. पण लग्नाच्या धांदलीत एवढा वेळ कुणाला?

तवा माझ्या नवऱ्याच्या डोक्यात गादीवाला जागा झाला. गादी एका बाजूनं दबली की आपण काय करतो? उलटी करतो. गादीला वर-खाली नसतं, दोन्हीकडनं तीच. म्हणून त्यानं आख्खं हाउसिंगच पालथं घातलं. वरच्या बैठका आपोआप खाली आल्या, पाटे खाली गेले, आणि गाडी चार बोटं खाली बसली. कापाकापी न्हाय, वेल्डिंग न्हाय. कृष्णात म्हणाला, डोकं लागतं ह्याला. शिफाला तवा हळद लागलेली, तिला गाडीजवळ कुणी सोडलं न्हाय. ती तिथं असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग गाडी जॅकवर उचलून चालू केली. मागची चाकं गरागरा फिरली. गल्ली जमली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी सुद्धा दारात येऊन बघितलं आणि मनात म्हटलं, चला, निदान फिरत्यात तरी. चाकं कुठल्या अंगाला फिरत्यात, ह्ये एवढ्या गर्दीत एकानंबी बघितलं न्हाय.

आणि चालवून बघायची तर सोयच नव्हती. ह्या शहाण्यानं बोललेलं होतं की नव्या कामानंतर गाडी पहिल्यांदा पळणार ती शिफा बसल्यावरच. पोरीच्या पायगुणानं. म्हणून निकाहाच्या दिवशी झेंडूच्या माळा घालून गाडी ढकलतच मांडवाच्या तोंडाला आणली. नाक रस्त्याकडं, ढुंगण मांडवाकडं. आमची गल्ली अरुंद, एका टोकाला आमचं घर आणि मांडव, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता.

निकाह झाला, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली. दिलदारची आत्या, जैतून फुफी, घरातली सगळ्यात म्हातारी, काठी टेकत पुढं आली आणि शिफाला बजावलं की उंबरा ओलांडला की मागं वळून बघायचं न्हाय. आमच्यात तसंच हाय. जाणाऱ्या पोरीनं मागं बघितलं की माहेर तिला ओढतं, सासरी जीव लागत न्हाय. मी माझ्या पाठवणीला बघितलं नव्हतं, माझ्या आईनं तिच्या पाठवणीला बघितलं नव्हतं. शिफानं मान हलवली. मी तिला मिठी मारली, आणि मग माझा मलाच आवर राहिला न्हाय.

शिफा गाडीत बसली. सावरीच्या सीटमुळं ती सगळ्यांच्या वर दिसत होती, ते एक बरं झालं. कृष्णातनं चाकांच्या पुढं लिंबं ठेवली. दिलदारनं बिस्मिल्ला म्हणून गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं आली.

मागं म्हणजे सरळ मांडवात. खांबाला ढुंगण लागलं, खांब वाकला आणि कापड तोहिदच्या चुलत्यावर बसलं. जर्द्याचं, म्हणजे गोड भाताचं, पातेलं लवंडलं. दिलदारला वाटलं गिअर चुकला. त्यानं दुसरा टाकला. गाडी अजून जोरात मागं आली. बाया पळाल्या. तिसरा टाकायच्या आत कृष्णातनं बोनेटवर दोन्ही हात आपटून त्याला थांबवलं. लिंबं जिथल्या तिथं, साधा ओरखडा न्हाय.

तो उद्यमनगरचा फिटर जेवायला आलेला. तो वाकला, खाली बघितलं आणि हसायचं दाबून म्हणाला, हाउसिंग पालथं घातलंय व्हय? मग चाकं उलटी फिरणार, सगळे गिअर मागंच जाणार की. पुढं जायचं असलं तर आता रिव्हर्स टाकायचा. आणि आमच्या गाडीला रिव्हर्स कधीच नव्हता. गाडी घेतली तवाच त्याचे दात झिजलेले. दिलदारनं ते बदललेच न्हाईत, स्पोर्ट कार मागं कशाला जाईल म्हणून.

मग गल्ली हसली. पावणं हसलं, वाढपी हसले, मांडवाच्या कापडाखालनं निघालेला चुलता पण हसला. मी मनात शिव्यांची सगळी उजळणी करून तयार होतो. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ती वेळ आली होती. आणि मी त्याचं तोंड बघितलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, डोळं भरलेलं. सगळ्या शिव्या मी गिळल्या. माझा माणूस हाय तो. त्याला हसायचा हक्क माझा एकटीचा, ह्या गावाला कुणी दिला?

चुलता भला माणूस. त्यानं आपली मोठी गाडी पुढं आणायला सांगितली आणि म्हणाला, लेकी, उतर, ह्यात बस. दिलदार शिफाकडं न बघताच हळू बोलला, "उतर बाळा. बापानं तुझं हसं केलं."

शिफा जागची हलली न्हाय. तिनं घुंगट वर सारला, माझ्यासारखंच डोळं वटारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गाडी उचलून फिरवा. अब्बा, मोठ्या रस्त्यापतोर मागं चालवा. तिथनं पुढं मी तोहिदच्या गाडीत बसतो."

पहिला पुढं झाला तो तोहिद. शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि गाडीच्या खाली हात घातला. मग कृष्णात, फिटर, वाढपी, तालमीतली पोरं. नवरी आत बसलेली तशीच गाडी उचलली आणि जागच्या जागी फिरवली. आता ढुंगण रस्त्याकडं आणि नाक आमच्या दाराकडं.

दिलदारनं डोळं पुसलं, सीटच्या पाठीवर हात टाकून मान मागं वळवली आणि क्लच सोडला. गाडी रस्त्याकडं निघाली, हळूहळू, नीट सरळ. त्याला आम्ही दिसत नव्हतो, त्याचं सगळं ध्यान रस्त्यावर. आणि शिफा समोर बघत होती. समोर मी होतो. मी, घर, दार, दुकानाची पाटी, मोडका मांडव, आणि काठी टेकलेली फुफी.

ती रडत होती आणि हसत होती. मी पण. आमच्या घरातनं आजवर जेवढ्या पोरी गेल्या, त्यांच्या आयांना नुसती पाठ दिसली. माझ्या आईला माझी पाठ दिसली होती. मी त्या दिवशी लेकीचं तोंड बघत राहिलो, तिच्या नाकातली नथ दिसंनाशी झाली तरी, गाडी नुसता एक लाल ठिपका झाली तरी.

फुफी माझ्या शेजारी उभी होती. तिला लांबचं नीट दिसत न्हाय. तिनं विचारलं, "कुलसुम, पोरीनं मागं वळून तर बघितलं न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय फुफी. एकदाबी न्हाय."