पोटातल्या चारशे ओळी

मित्रांनो, उंद्रीच्या पुढे एका खेड्यात उकंडरावांचं घर आहे. त्या घराच्या मागच्या खोलीत, लंगड्या टेबलावर जो पिवळा पडलेला संगणक दिसतो ना, तो मी. वय विचारू नका. माझ्या कळांवरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत आणि सुरू होताना मी म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो चिखलीचा टायपिंग क्लास. तिथे मी नऊ वर्षं पोरांच्या बोटांचा मार खाल्ला. नवे संगणक आले तसा मी कोपऱ्यात गेलो, माझ्यावर फाटकी गादी पडली आणि मी सगळ्यांच्या डोक्यातून गेलो. उकंडरावांची मुलगी काजल त्या क्लासला यायची. तिने मला मागून घेतलं. तिचे ते उपकार मी आजही विसरलो नाही, म्हणून पुढचं सांगताना जास्त जड जातं.

काजलच्या आईने, म्हणजे विमलबाईंनी, लग्नानंतर माहेरहून एक कोंबडी आणि एक कोंबडा आणला होता. तीस वर्षं त्यांनी तोच वाण जपला. उंच तंगड्या, तांबडं पीस, गळ्याशी काळी रेघ. गेल्या हिवाळ्यात गावातल्या कोंबड्यांवर मानमोडी रोगाची साथ आली आणि खुराडं जवळजवळ रिकामं झालं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा तेवढा उरला. आठवडाभरात तो कोंबडाही गेला. तोवर मिळालेली बेचाळीस अंडी हीच काय ती वाणाची शेवटची आशा होती. कोंबड्या खुडूक बसेनात, म्हणून विमलबाईंनी कुठून तरी अंडी उबवायची पेटी आणली. तिच्यासोबत एक तयार प्रोग्राम आला, तो माझ्यात बसवला. आम्ही त्याला मोजणी म्हणायचो. मोजणी दर मिनिटाला पेटीतलं तापमान माझ्या पडद्यावर एका ओळीत लिहायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. विमलबाई शेतातून आल्या की हातपाय न धुता आधी माझ्याकडे बघायच्या. याला पाचापर्यंतही मोजता येत नाही असं मला हिणवणारे उकंडराव शेजाऱ्यांना बोलावून माझे आकडे दाखवायचे. मला कधी कुणी एवढं पाहिलं नव्हतं.

पण पंधरा दिवसांत विमलबाई थकल्या.

"काजल, दिवसभर याच्यासमोर बसून राह्यलं तं घरचं कवा करू वं मी?"

काजलने मग एक स्क्रिप्ट, म्हणजे स्वतःचा एक छोटासा प्रोग्राम, लिहिली. मोजणीच्या ओळी आता पडद्यावर न येता त्या स्क्रिप्टच्या हाती जाणार होत्या. स्क्रिप्ट त्या वाचणार आणि तापमान साडेसदतीस अंशांच्या फार वर गेलं की घंटी वाजवणार. काजलने चाचणीही घेतली. पेटीतली तापमापी काढून गरम चहाच्या कपाला लावली, पाच ओळींनंतर मोजणी आपोआप थांबेल असं ठेवलं, आणि ती थांबताच घंटी वाजली. सगळे खूश झाले. घंटी शेवटाला का वाजली, पहिल्याच ओळीला का नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही त्या वेळी स्वतःवर खूश होतो.

मित्रांनो, आमच्या जातीची एक खोड आहे. समोर पडदा असला की प्रोग्राम ओळ झाली की लगेच दाखवतो. पण समोर दुसरा प्रोग्राम असला, की तो ओळी पोटात साठवत राहतो, आपली काळीपिवळी जीप सीटा भरेपर्यंत जागची हलत नाही तसा. पोट भरलं किंवा काम संपलं, की सगळ्या ओळी एकदम बाहेर. मोजणीच्या पोटात चारशे ओळी मावत होत्या. चारशे ओळी म्हणजे जवळपास सात तास.

अठराव्या दिवशी सकाळी दहाला काजलने ही नवी व्यवस्था सुरू केली आणि मायलेकी धामणगाव बढेला लग्नाला निघाल्या. जाताना विमलबाईंनी बजावलं, "अजी, घंटी वाजल्याबिगर झाकण उघडू नोका. आतली ओल जाते."

"हाव," उकंडराव म्हणाले आणि दाराशी बाज टाकून बसले.

बाराच्या सुमाराला पेटीला ऊब देणारे बल्ब बंद करणारी कळ चिकटली आणि बल्ब जळतच राहिले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. प्रत्येक आकडा माझ्यातून गेला आणि पोटात पडून राहिला. स्क्रिप्ट कान लावून बसली होती, पण तिच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. मला ओरडायचं होतं आणि मला तोंड नव्हतं. एक्केचाळीस. बेचाळीस. मी मनात म्हणत होतो, उकंडराव, उठा हो.

आणि ते उठलेही. दोनच्या सुमाराला त्यांनी पेटीवर हात ठेवला. शेजारचा गोविंदा पाणी मागायला आला होता, त्याला ते म्हणाले, "पेटी लय तापून राह्यली बे आज. उघडून पाहाव काय?"

गोविंदा म्हणाला, "घंटी वाजली काय?"

"नाही वाजली."

"मंग काऊन उघडता? काकूनं नाही म्हटलं ना?"

उकंडरावांचा हात झाकणावर होता. तो त्यांनी काढून घेतला. त्या क्षणाइतका हताश मी कधीच झालो नाही.

पाचच्या आसपास पोट भरलं. चारशे ओळी एकदम बाहेर पडल्या आणि घंटी वाजायला लागली, ती थांबेचना. विमलबाई फाटकातून आत येत होत्या. हातातली पिशवी टाकून त्या धावल्या, झाकण उघडलं. आत त्रेचाळीस अंश होतं.

काजल रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी तिने चूक शोधली आणि मोजणीला असं फसवलं, की समोर पडदाच आहे, माणूसच वाचतोय असं तिला वाटावं. तेव्हापासून ओळ लिहिली की लगेच येते. तापमानही बरोबर राहतं.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी विमलबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"काजल, हे काय म्हणून राह्यलं?"

"सगळं बरोबर आहे म्हणतंय, आई."

"मंग पिल्लं काऊन नाही निंगत वं?"

काजलने पेटीतलं एक अंडं कानाला लावलं; अठराव्या दिवसाच्या त्या उष्णतेनंतर आत काहीच हलत नव्हतं. मी पुढच्या मिनिटाला पुढची ओळ लिहिली. तापमान बरोबर आहे, म्हणून.

मित्रांनो, आमच्यावर काम सोपवा, आम्ही ते करू. पण आमचा आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरू नका. हाताला चटका बसला तर घंटीची वाट पाहू नका. कुणी नाही म्हटलं असलं तरी झाकण उघडा.