घडीत लपवलेल्या दोन बिड्या

मी एक जुना, गुडघ्यापर्यंतचा घट्ट पायमोजा आहे. हसू नका मित्रांनो! थंडीत घालायचा मोजा वेगळा आणि मी वेगळा. मला पायात चढवायचं म्हणजे माणसाची दमछाक होते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण कामाला लागलो तो १९९९ साली, ओतूरच्या जयवंतरावांच्या डाव्या पायात. जयवंतराव एसटीचे ड्रायव्हर. त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला आणि माणूस मरणाच्या दारातून परत आला. डॉक्टरांनी बजावलं, "गोळ्या वेळेवर, मोजा दिवसभर आणि बिडी कायमची बंद. धुरानं रक्तात गाठी व्हायला मदतच होते. पुन्हा झाली, तर दरवेळी वाचाल असं धरून चालू नका."

त्यांच्या पत्नी अंजनाबाई मला रोज रात्री साबणाने धुऊन घरातच वाळवत. "ह्या मोज्यानं माझा माणूस उभा हाय," असं शेजारणीला सांगत. मला केवढा अभिमान वाटे!

चार महिन्यांनी जयवंतरावांना बरं वाटू लागलं, आणि इथेच तर घोडं पेंड खातं! मुलगी स्नेहा रोज त्यांचे खिसे तपासायची. मग या गृहस्थांनी बिड्या लपवाव्यात कुठे? माझ्यात! घराबाहेर पडलं की माझी वरची कड दुमडायची आणि घडीत दोन बिड्या खोचायच्या. अहो, ज्या पायात गाठ झाली त्याच पायावर! शिवाय दुमडलेली कड पायाला दोरीसारखी आवळते, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं. मी सांगणार तरी कुणाला?

सकाळी हेच जयवंतराव बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून पंचशील म्हणत. एकदा स्टँडमागे संपत कंडक्टरने हटकलं, तर म्हणतात कसे, "पंचशिलात दारूला बंदी हाय राव. बिडीचं नाव हाय का कुठं?" कपाळ माझं!

उन्हाळ्यात पाय सुजला. "मोजा लई ढिला पडलाय," म्हणून खापर माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! दोन दिवसांनी त्यांना ड्यूटीवरच धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. दवाखान्यात सुजलेल्या पायातून मी निघेना, तेव्हा नर्सबाईंनी मला कात्रीने उभा कापला. घडीतल्या दोन बिड्या खाटेवर पडल्या.

अंजनाबाईंनी त्या उचलून नवऱ्याच्या उशाशी ठेवल्या.

"मी रोज ह्यो मोजा धूत व्हते," त्या म्हणाल्या. "कशापायी धूत व्हते वं मी?" आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या.

जयवंतराव वाचले, पण स्टेअरिंग कायमचं सुटलं. चार पायऱ्या चढल्या तरी आता दम लागतो. मी दाराजवळच्या खिळ्याला लटकलो आहे. तिथे मला अंजनाबाईंनीच मुद्दाम टांगलं. नवा मोजा स्नेहा स्वतः चढवते आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवते. मित्रांनो, तुमच्या घरीही असा कोणी असेल, तर त्याच्या शपथांवर विसंबू नका. रागवा, भांडा, पण रोज बोट फिरवा.

परवा स्नेहाला कॉलेजची घाई होती. मोजा चढवून ती तशीच निघाली. मी खिळ्यावर जीव मुठीत धरून होतो. तेवढ्यात जयवंतरावांनी खुर्चीतून पाय पुढे केला आणि हाक मारली, "पोरी, तपासायचं ऱ्हायलं की!"