मंजुळाबाईच्या हातावरचं नाव

मी बोलतोय, घाटनांदूरच्या मंजुळाबाईच्या उजव्या हातावरचं हिरवं गोंदण. तोंड वर करून सांगावं असं माझ्यापाशी काही नाही. पण किती दिवस मनात ठेवू?

मंजुळाचं लग्न ठरलं आणि गोंदणारीण दारात आली. अडाणी म्हणू नका, तिला नावापुरती अक्षरं येत होती. "नवऱ्याचं नाव सांग गं," ती म्हणाली. नवरी खाली मान घालून गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग तिची मैत्रीण छबू पुढं सरली आणि नवरीला लाजवायला नको म्हणून गोंदणारणीच्या कानात कुजबुजली. मुलगी बघायला दोघं भाऊ आले होते. त्यातला नवरा कोणता, हेच छबूला धड ठाऊक नव्हतं.

असा मी जन्मलो. सासरी वाचणारं कुणी नव्हतंच. भाकरी थापताना पीठ उडालं की मंजुळा आधी मला पुसायची. नवरा शहादेव परगावी हमालीला गेला की माझ्यावर बोट फिरवत बसायची. मी आपला फुगून असायचो.

पुढं गावात डिशचे टीव्ही आले, त्याच सुमाराला साक्षरतेचे वर्गही आले. मंजुळाबाई हौसेनं पाटी घेऊन जायला लागली. एकदा हात धुताना तिनं मला वाचलं. रा, म, मग जोडाक्षरापाशी अडखळली. पुरतं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

रामप्रसाद. थोरल्या दिराचं नाव. ज्याच्यासमोर तिनं डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, त्याचं.

तिनं चुना लावला, विटकरीनं घासलं, रक्त काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण जाऊ कुठं? वर्गाला जाणं सुटलं. वाढतानासुद्धा हात पदराखाली.

"हात कावून झाकतीस?" शहादेवनं विचारलं.

ती रडायलाच लागली. "ह्ये नाव तुमचं न्हाई वो. थोरल्यांचं हाय. आता कसं तोंड दाखवू?"

शहादेवनं भाकरीचा तुकडा मोडला. "मला ठावं हाय. लग्नाच्याच साली तू तापात पडलतीस, तवा कंपाउंडरनं सुई देताना वाचलतं."

"मंग इतकी वर्षं बोलला कावून न्हाई?"

"काय बोलू? घरची सांगायची, मी परगावी गेलो की तू त्याच्यावर बोट फिरवत बसतीस. मलाच आठवायचीस न्हवं? नाव कुणाचं का असंना."

मंजुळाबाईनं डोळे पुसले, पाटी ओढली आणि त्याच हातानं हळूहळू चार अक्षरं काढली.

"काय लिव्हलंस?"

त्याला वाचता येत नाही, तिला नाव घेता येत नाही. तिनं त्याचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. तो हसला. त्याला कळलं असावं.

आता ती पुन्हा वर्गाला जाते. मला कुणी झाकत नाही, तरी माझी शरम गेलेली नाही. कधी घाटनांदूरला आलात आणि त्या हातावर नजर गेली, तर एवढं करा, मला मोठ्यानं वाचू नका.