घनश्यामशेठची मुलाखत

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझा भाऊ मन्सूर घाटंजीत पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, आणि नटायची हौस अशी की जेवतानासुद्धा डायलॉग. त्याला भेटला गल्लीतला कपिल. कपिलला मॉक्युमेंटरी करायची होती. म्हणजे सगळं रचलेलं, पण दाखवायचं खऱ्या मुलाखतीसारखं. कॅमेरा हलता ठेवायचा, प्रश्न मागून विचारायचे, आणि कोणीही हसायचं नाही.

मन्सूर झाला घनश्यामशेठ, बोगस बियाणेवाला. खुर्चीत रेलून कॅमेऱ्यात बघत निवांत म्हणाला, "खायचं सोयाबीन पिशवीत भरलं का झालं बियाणं. उगवलं नाही त म्हणा, तुमची जमीनच खराब." मी पोट धरून हसले. कपिल माझ्यावरच भडकला. म्हणे, तू हसलीस तर लोकांना खोटं वाटेल. शहाणाच मोठा!

व्हिडिओ बघून गल्लीतही लोक हसले. मग कोणीतरी तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर सोडला. मॉक्युमेंटरीचं नाव गेलं, कलाकारांची पाटी गेली. एके दिवशी दारव्ह्याकडचे दोघं दुकानात आले. "शेठ, गोडाऊन कुठी आहे तुमचं?" मन्सूर हसला. ते दोघं हसले नाहीत.

त्या पेरणीला बऱ्याच शेतांत सोयाबीन उगवलंच नाही.

गिऱ्हाईकं मोटारी परत न्यायला लागली, अर्ध्या उघडलेल्या, तारा लोंबत असलेल्या. कोणी भांडत नव्हतं. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खाऊन जाणाऱ्या रामरावांनीही मोटार उचलली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी मन्सूरला म्हटलं, पुसदला खालाकडे जाऊन राहा थोडे दिवस.

"काहून? मी काय चोरी केली?" तो म्हणाला. निर्दोष माणसाइतका हट्टी कोणी नसतो.

शुक्रवारी नमाजनंतर दुकानासमोर जीप थांबली, मागे मोटरसायकली. रामराव पुढे होते.

"मन्सूऱ्या, बाहेर ये." कालपर्यंत ते त्याला मन्सूरभाऊ म्हणायचे.

"रामरावजी, ते नाटक होतं. मी कधी बियाणं विकलं काय?"

"मंग कायले सांगतलं तसं? कोणी मारून बोलाले लावलं होतं तुले?"

"कपिलनं लिहून देल्लं होतं. त्याले विचारा."

कपिलला त्यांनी आणलंच होतं. जीपमधून उतरवलं तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं तुटलेली होती. मी त्याच्यापुढे हात जोडले. एक खरं वाक्य, बस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"मले काय माहीत?" तो म्हणाला. "मी फक्त शूटिंग केलं. जे बोलला ते त्याचं तो बोलला."

मन्सूरनं त्याला नावानं हाक मारली, हळूच. तोवर माणसं दुकानात शिरली होती. कोणीतरी आतून शटर खाली ओढलं. मन्सूर आत होता, आणि मी बाहेर राहिले.