बावीस वेळा मुंबई

विषय : मुंबई ते टोरंटो हवाई अंतराबाबत.
संदर्भ : द्वारकाबाई सोनाजी यांचा जन्मनोंदीचा अर्ज.

उपरोक्त विषयान्वये मी, सदर अंतर, बोलतोय. लांबी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. वजन नाही, रंग नाही. शहरं वसण्याआधीपासून मी इथंच पडून आहे. औंढा नागनाथजवळच्या या गावात मात्र कुणाला माझी गरज नव्हती.

वैष्णवी नोकरीसाठी टोरंटोला गेली आणि मला घर मिळालं. तिच्या वडिलांनी, सोनाजींनी, मला बोटांवर मोजलं.

“मंजी हितून मुंबईला बावीस येळा जायचं.”

“काहून मोजून राहिले? तुमाला काय बस लावायची हाय?” द्वारकाबाई म्हणाल्या.

पुढं वैष्णवीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आईनं जवळ असायला हवं. डिंकाचे लाडू वळायच्या आधी द्वारकाबाईंचा पासपोर्ट काढायला घेतला. आधारवर जन्म एक जानेवारीचा निघाला, शाळेच्या दाखल्यावर एक जूनचा. मूळ जन्मनोंद आणा, असं सांगण्यात आलं. ती कधी झालीच नव्हती, म्हणून कचेरीत अर्ज केला. साक्षीला थोरली बहीण पारुबाई आली, आपला दाखला घेऊन.

कारकुनानं दोन्ही दाखले शेजारी ठेवले. एक जून, साल तेच.

“जुळ्या का?”

“न्हाई साहेब, पारुबाई तीन वर्सानं थोरली.”

“मग तारीख एकच कशी?”

“आबानं दोघींला एकाच दिवशी शाळेत घातलं. गुरुजींनी एकच लिवली.”

“खरी कोणती?”

“ते गुरुजींलाच ठावं. ते वारले.”

पारुबाईनं कोपरानं ढोसलं. “जुळ्या म्हनायचं की, बया!”

उशीर झाला होता. खरं बोलणं कागदावर उतरलं होतं, आणि खऱ्याला पुरावा लागतो. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर, माझंच भावंड म्हणा. विमान मला एका दिवसात संपवतं. त्या भावंडाला अडीच महिने पुरले नाहीत.

वैष्णवीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी द्वारकाबाईंनी पाटा मांडून पाचवी पुजली आणि वरवंट्याला फोन टेकवला.

“लेकरू दाव.”

वैष्णवीनं दाखवलं. “आई, कधी येशील?”

“येते की. कागद आला की येते.”

त्या रडल्या नाहीत. फोनवर लागलेली हळद पदरानं पुसली आणि लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. सोनाजी बोटं मोजत बसले होते. यावेळी त्यांना कुणी हटकलं नाही.

मला कमी करा, अशी माझी विनंती नाही. ते कुणाच्याच अधिकारात येत नाही. मी होतो तेवढाच आहे. टेबलांचं तेवढं पाहावं.

नात आज अकरा दिवसांची आहे. तिची जन्मनोंद झाली. आजीचा अर्ज प्रलंबित आहे.